कोपरा धरलेली कोंबडी

परसातल्या कोंबड्यांच्या दुखण्यांविषयी आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं. बहुतेक पत्रांचा शेवट 'कोणतं औषध देऊ?' असा आहे. त्याआधी कोंबडी हातात घेऊन काय पाहायचं ते पहिल्या उत्तरात सविस्तर आलं आहे. पुढची उत्तरं त्याला धरून वाचावीत.

प्रश्न : सहा कोंबड्यांपैकी दोन वर्षांची एक कालपासून पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, मान आत ओढून डोळे मिटते. दाणे टाकले की सगळ्यांबरोबर येते, चोचही मारते, पण खाल्लेलं दिसत नाही. अँटिबायोटिकची पावडर पाण्यातून द्यावी, असं ओळखीचे सांगतात. देऊ का?

उत्तर : नका देऊ. तिला नेमकं काय झालंय ते अजून कुणालाच ठाऊक नाही. अँटिबायोटिकचा विषाणूवर, जंतांवर किंवा अडकलेल्या अंड्यावर काही उपयोग नसतो. उलट आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि गिळलेले दाणे साठवणाऱ्या चारापिशवीत बुरशी माजायला रान मोकळं होतं.

तुम्ही टिपलेली एक गोष्ट मात्र मोलाची आहे: चोच मारते, पण खात नाही. अशक्त दिसणाऱ्या कोंबडीला बाकीच्या टोचून काढतात, म्हणून ती खाण्याचं सोंग करते. त्यामुळे पिसं फुगवून बसलेली दिसली तेव्हा दुखणं बहुधा दोन-चार दिवसांचं जुनं असतं, असं धरून चाला.

आधी तिला वेगळं ठेवा. मोठा खोका किंवा पिंजरा चालेल. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असतं. पोटात काही नसलं की तेवढी ऊब टिकवणं तिला जमत नाही, म्हणूनच ती पिसं फुगवते. खोक्याच्या एका टोकाला ४० ते ६० वॅटचा बल्ब जाळीबाहेर असा लावा की तिथली हवा २७ ते ३० अंश राहील. दुसरं टोक गार ठेवा, म्हणजे नको झालं की तिला सरकता येतं. ती चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून सुटे धरत असेल, तर मात्र बल्ब बंद; तिला सावली आणि वारा हवा. खाली पांढरा कागद अंथरा. रात्रभरात त्यावर जे पडेल ते सकाळी वाचायचं आहे.

आता तिला काखेत धरा, तोंड मागे आणि शेपूट पुढे, म्हणजे दोन्ही पंख आवळले जातात आणि तुमचा एक हात मोकळा राहतो. तपासणीचा क्रम ठरवून घ्या, नाहीतर एखादी जागा राहून जाते.

पहिली जागा छातीचं मधलं हाड. नावेच्या तळासारखं हे हाड दोन बोटांत धरून मागे-पुढे सरकवा. दोन्ही बाजूंचं मांस भरलेलं लागलं आणि कोंबडी तरीही मलूल असेल, तर दुखणं ताजं आहे: अडकलेलं अंडं, विषबाधा, अचानक आलेला संसर्ग. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं, तर दुखणं कित्येक आठवड्यांचं आहे. जंत, गाठी, मॅरेक्स (नसांत गाठी करणारा विषाणूचा रोग), दीर्घ संसर्ग यांचा विचार करायचा. पुढच्या निम्म्या शंका या एका स्पर्शाने गळून पडतात, आणि नेमकी हीच जागा कुणी पाहत नाही. पिसांखाली वाळलेली कोंबडी वरून गुबगुबीतच दिसते.

दुसरी जागा चारापिशवी, मानेच्या मुळाशी, कोंबडीच्या उजव्या अंगाला. संध्याकाळी ती भरलेली असणं योग्यच. ती पाहायची सकाळी, दाणे टाकण्याआधी. रात्रभरात रिकामी झालेली निरोगी पिशवी हाताला जवळजवळ लागतच नाही.

तिसरी जागा पोट, म्हणजे छातीचं हाड संपतं तिथपासून मागच्या द्वारापर्यंतचा भाग. तो मऊ आणि किंचित ढिला असावा. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा तट्ट लागला तर आत पाणी झालंय किंवा अंड्याचा बलक पोटात सांडून संसर्ग झालाय. कटीची दोन टोकदार हाडं मागच्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना लागतात. अंडी देणाऱ्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन ते तीन बोटं मावतात, न देणारीत जेमतेम एक. दोन वर्षांच्या कोंबडीत हे जरूर पाहा, कारण या वयात अंडाशयाची आणि अंडनलिकेची दुखणी वाढतात.

मग मागचं द्वार आणि भोवतीची पिसं. कोंबडीला शिटेला आणि अंड्याला बाहेर यायची वाट एकच असते. तिथे शीट चिकटून गोळा झालाय का, पिसांच्या मुळाशी उवांच्या अंड्यांचे पांढरट पुंजके आहेत का, अळ्या पडल्यात का, ते बघा. पुढे पंखांखाली, तळपाय, दोन्ही डोळे, नाकपुड्या. शेवटी चोच उघडून घसा: पिवळे चिकट चट्टे दिसतात का आणि वास कसा येतो. आंबूस वास चारापिशवीकडे बोट दाखवतो; सुजलेला चेहरा आणि सडका वास असेल तर सर्दीसारख्या संसर्गाचा, कोरायझाचा संशय घ्या.

तुरा लाल आणि ऊबदार हवा. फिकट तुरा म्हणजे रक्त कमी: गोचीड, माइट (रक्त पिणारे बारीक जीव), जंत, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी). पण पीस झडण्याच्या दिवसांत आणि अंडी बंद असताना तो फिकट आणि लहान होतोच, तेव्हा एकट्या तुऱ्यावर जाऊ नका. निळसर-जांभळा तुरा ही धोक्याची खूण आहे.

सकाळी कागद वाचा. घट्ट तपकिरी शीट आणि तिच्यावर पांढरी टोपी, ही निरोगी. दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट, घाण वासाची पातळ शीट पडते. ती आंधळ्या आतड्यातली असते आणि तीही निरोगीच, लोक मात्र तिलाच जुलाब समजून औषध आणायला धावतात. गडद हिरवी शीट म्हणजे पोट रिकामं आहे आणि नुसतं पित्त बाहेर येतंय. नुसता पांढरा चुना पडत असेल तर अन्न आतड्यात पोचतच नाही, किंवा मूत्रपिंडाचं दुखणं आहे. ताजं लाल रक्त दिसलं तर पिल्लांविषयीचं उत्तर खाली वाचा.

पाणी पाजताना चोच उघडून घशात ओतू नका. चोच उघडलीत तर जिभेच्या अगदी मागे, तोंडाच्या तळाशी मधोमध एक फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिका. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि दुखण्याने न मेलेली कोंबडी पाण्याने मरते. चोचीच्या बाजूला, कडेवर एकेक थेंब सोडा. ती स्वतः गिळेल. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे साखर आणि जेमतेम एक ग्रॅम मीठ, एवढं पहिल्या दिवसापुरतं पुरे. कोंबडीला मीठ सोसत नाही, त्यामुळे माणसाच्या अंदाजाने घालू नका. निरोगी कोंबडी दिवसाला साधारण २०० ते २५० मिलीलिटर पाणी पिते. आजारी किती पिते ते मोजून ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी वजनही करा, स्वयंपाकघरातला काटा चालतो. दोन किलोची कोंबडी तीन दिवसांत २०० ग्रॅम उतरली असेल, तर घरगुती उपायांची वेळ संपली.

आणि एक अपवाद. एका दिवसात दोन-तीन कोंबड्या एकदम गेल्या, डोकं सुजलं, तुरे जांभळे पडले, माना वाकड्या झाल्या, तर यातलं काहीच करत बसू नका. तो रानीखेत किंवा बर्ड फ्लू असू शकतो. मेलेली पाखरं उघड्या हाताने उचलू नका, कापू नका, उरलेल्या कोंबड्या किंवा अंडी कुणाला देऊ नका, आणि सरकारी पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : गळ्याखाली टेनिसच्या चेंडूएवढा गोळा आहे, सकाळीही तसाच. तोंडाला आंबट वास येतो. कोंबडी उलटी धरून पिळली की सगळं बाहेर येतं, असं एका चित्रफितीत पाहिलं. करावं का?

उत्तर : करू नये. उलट्या कोंबडीच्या तोंडातून येणारं आंबट पाणी त्याच वर सांगितलेल्या फटीवरून वाहतं. श्वास घ्यायला आणि पाणी यायला एक गाठ पडली की ती हातातच मरते.

चेंडू दाबून पाहा. कणकेच्या घट्ट गोळ्यासारखा किंवा आत दोऱ्यांचा गुंता असल्यासारखा लागला तर पिशवी तुंबली आहे. लांब गवत, पेंढा, सुतळी ही नेहमीची कारणं. पाण्याच्या पिशवीसारखा हलत असेल आणि वास आंबट असेल तर आत कँडिडा ही बुरशी माजली आहे. तिसरा प्रकार लोंबत्या पिशवीचा: स्नायू सैल पडल्यामुळे ती कायम लोंबते, पण कोंबडी खाते-पिते, वजन टिकतं. तिला औषध नको, फक्त एका वेळी थोडं खाणं हवं.

तुंबलेल्या पिशवीसाठी २४ तास दाणे बंद, पाणी चालू. सकाळ-संध्याकाळ पाच मिलीलिटर खाद्यतेल, तेही चोचीच्या कडेने थेंबाथेंबाने. तेल दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी कोंबडी सरळ उभी धरून गोळा बोटांच्या पेरांनी हलके मळा, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गोळा फुटून सैल व्हायला हवा. त्याला वर, तोंडाकडे ढकलायचं नाही. सैल झाल्यावर ओलं, मऊ खाणं थोडंथोडं सुरू करा आणि बारीक खडे समोर ठेवा, कारण दात नसलेल्या कोंबडीचं दळण पेषणीतल्या खड्यांवरच चालतं. ४८ तासांत फरक नसेल तर पशुवैद्यक पिशवीला छेद देऊन ती रिकामी करतात. वेळेत नेली तर ही शस्त्रक्रिया चांगली पार पडते.

तुमच्या वर्णनावरून मात्र बुरशीचा संशय जास्त आहे. त्यावर निस्टॅटिन चालतं. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्यकाकडून घ्या. हे औषध रक्तात जवळजवळ शिरतच नाही, बुरशीला लागेल तिथेच काम करतं, म्हणून ते रिकाम्या पिशवीत, खाण्याआधी द्यायचं. खाण्यात कालवून दिलं की वाया जातं. व्हिनेगर आणि दही यांचा बराच गवगवा आहे. त्यांनी माजलेली बुरशी हटत नाही, चार दिवस मात्र हातचे जातात.

पोट तपासायला विसरू नका. बरेचदा पिशवीचं दुखणं खालून वर आलेलं असतं: आतडं जंतांनी भरलंय किंवा पोटात बलक सांडलाय, म्हणून वरचं खाली सरकत नाही. अशी पिशवी कितीदा रिकामी केली तरी पुन्हा भरते.

प्रश्न : तलंग नुकतीच अंड्यावर आली. सकाळपासून शेपूट खाली सोडून, पेंग्विनसारखी ताठ उभी राहते, शेपटीखालचा भाग आत-बाहेर हलतो, घरट्यात जाते आणि काही न देता बाहेर येते. अंडं अडकलंय का?

उत्तर : लक्षणं तशीच आहेत, आणि घड्याळ सुरू झालंय. अडकलेलं अंडं शिटेची वाट दाबतं, नसा आणि रक्तवाहिन्या दाबतं. २४ ते ४८ तासांत कोंबडी जाऊ शकते.

खात्री बोटाने होते. हात धुवा, नख कापा, पातळ हातमोजा घाला, बोटाला भरपूर पेट्रोलियम जेली लावा आणि एक बोट मागच्या द्वारातून हलकेच सरळ आत न्या. अंडं अडकलं असेल तर बहुधा पाच सेंटिमीटरच्या आतच त्याचा कठीण, गोल शेंडा लागतो. बोट घालायचा धीर होत नसेल तर बाहेरून, कटीच्या हाडांच्या मागे, पोट दोन्ही बाजूंनी अलगद चाचपा. मात्र एक लक्षात ठेवा: मऊ कवचाचं किंवा बिनकवचाचं अंडं बोटाला कळत नाही आणि तेच जास्त वेळा अडकतं, कारण स्नायूंना आवळायला टणक काही मिळत नाही.

एका तसराळ्यात ३८ ते ४० अंशांचं पाणी घ्या, मनगटाला सुखकर वाटेल इतपत. त्यात तिला पोटापर्यंत १५ ते २० मिनिटं बसवा. पाणी गार झालं की बदला. पहिली दोन मिनिटं धडपडते, मग बहुतेक कोंबड्या डोळे मिटून शांत बसतात. नंतर नीट कोरडी करा. ओली कोंबडी गारठली की केलेलं सगळं पाण्यात गेलं. द्वाराच्या आत जेली लावा आणि तिला ऊबदार, अंधाऱ्या खोक्यात एकटी सोडा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नका. घाबरलेली कोंबडी अंडं धरून ठेवते.

सोबत कॅल्शियम. अंडनलिकेचे स्नायू आवळायला रक्तात कॅल्शियम लागतं, आणि नेमकं त्याच वेळी ते कवचात गेलेलं असतं. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेली साधी गोळी तोडून, तुकड्यातुकड्याने गिळवा, किंवा पूड करून पाण्यात कालवून थेंबाने द्या. पशुवैद्यक इंजेक्शनने देतात, ते लवकर काम करतं. तीन-चार तासांनी शेक आणि जेली पुन्हा. दिवसभरात अंडं आलं नाही, कोंबडी खाली बसली, पाय गळाले, तर थेट दवाखाना.

पोट दाबून अंडं ढकलायचं नाही, आत फोडायचं तर मुळीच नाही. कवचाच्या कपच्या नलिका चिरतात आणि मग संसर्ग आवरत नाही. पशुवैद्यकाला अंडं फोडावं लागलं तर ते आधी सुईने आतला द्रव ओढून घेतात आणि कवचाचा प्रत्येक तुकडा मोजून बाहेर काढतात.

अंडं आल्यावर आठवडाभर तिला दिवसाला आठ ते दहा तासांपेक्षा जास्त उजेड मिळू देऊ नका, म्हणजे अंडी थांबून नलिकेला विसावा मिळतो. पुढे अंड्यावरच्या कोंबडीचंच खाद्य, ज्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. खाद्यात मिसळू नका. जिला लागेल ती उचलते. वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडांना जादा कॅल्शियम बाधतं.

प्रश्न : कोंबडी दोन दिवस घरट्यातून उठलेली नाही, खात नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून ओरडते. आजारी आहे का?

उत्तर : खुडूक आहे. उचलून अंगणात ठेवा. भराभरा दाणे टिपेल, पाणी पिईल, एक भलीमोठी, असह्य वासाची शीट टाकेल आणि परत घरट्याकडे पळेल. आजारी कोंबडी जिथे ठेवाल तिथेच बसते, आणि तिला रागावण्याची ताकद नसते. पिल्लं हवी असतील तर फलित अंडी ठेवा, २१ दिवस. नको असतील तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाण्यासकट दोन-तीन दिवस ठेवा. पोटाखालून वारा खेळला की खुडूक उतरते. या दिवसांत ती धूळस्नान करत नाही, म्हणून उवा मात्र तपासा.

प्रश्न : पाच आठवड्यांची वीस पिल्लं. तीन दिवसांपूर्वी पाऊस झाला, खुराड्यात खाली अंथरलेली गादी ओली झाली. काल शिटेत रक्त दिसलं, आज दोन मेली. बाकीची पंख पाडून गर्दी करून उभी आहेत.

उत्तर : पाच आठवडे वय, ओली गादी आणि रक्त, ही कॉक्सिडिओसिसची ठरलेली गाठ आहे. आयमेरिया नावाचे सूक्ष्म परजीवी आतड्याच्या अस्तरात वाढतात. शिटेतून त्यांची अंडपुटं पडतात, पण ती पडल्या पडल्या लागण करत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात. पुढे आतड्यात वाढायलाही वेळ लागतो, म्हणून पाऊस आणि पहिलं मरण यांच्यात चार ते सात दिवसांचं अंतर बहुतेकदा असतं. तुमच्याकडे ते कमी आहे, म्हणजे गादी पावसाआधीच ओलसर होती. पाण्याच्या भांड्याभोवती बघा.

औषध अँप्रोलियम, आजच. ते पाण्यातूनच द्यायचं, कारण अशी पिल्लं खाणं सोडतात, पाणी सोडत नाहीत. २० टक्क्यांची पावडर असेल तर लिटरला १.२ ग्रॅम (म्हणजे ०.०२४ टक्के औषध) पाच दिवस, नंतर लिटरला ०.३ ग्रॅम एक ते दोन आठवडे. रक्त न दिसणाऱ्या सौम्य लागणीत लिटरला ०.६ ग्रॅमने भागतं. चमच्याने मोजू नका, ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. पाकिटावर टक्केवारी वेगळी असेल तर हिशेब बदलतो. तिथे पाकीट प्रमाण माना. पाणी रोज ताजं बनवा आणि अंगणातलं दुसरं सगळं पाणी, डबकीसुद्धा, बंद करा. आवारात साधं पाणी मिळत असेल तर पिल्लं तेच पितात आणि औषध 'लागू पडलं नाही' असं होतं. फार अशक्त पिल्लाला तेच पाणी थेंबाने पाजा.

इथे एक चूक हमखास होते. पिल्लं अशक्त दिसतात म्हणून लोक त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालतात. अँप्रोलियमची रचना बी-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवीला ते बी-१ म्हणून फसवतं आणि उपाशी मारतं. तुम्ही खरं बी-१ ओतलंत की फसवणूकच संपली. जीवनसत्त्वं औषधाचे दिवस सरल्यावर द्या.

गादी आजच बदला, निदान भांड्यांभोवतीची आणि बसायच्या जागेखालची. मूठभर गादी आवळून हात उघडा: मुटका तसाच राहिला तर ओल जास्त, हळूहळू सुटला तर ठीक, धुळीसारखा उडाला तर फार कोरडी. नेहमीच्या जंतुनाशकांनी अंडपुटं मरत नाहीत. ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी यांनी मरतात. पाण्याचं भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा, म्हणजे पाणी सांडत नाही आणि त्यात शीटही पडत नाही.

वाचलेल्या पिल्लांना त्या जातीच्या आयमेरियाविरुद्ध प्रतिकारशक्ती येते. जाती मात्र अनेक आहेत, आणि एकीची शक्ती दुसरीला लागू नाही.

प्रश्न : तुरे फिकट, अंडी निम्म्यावर, दिवसा तपासलं तर अंगावर काहीच सापडत नाही. जंत असतील का?

उत्तर : असतीलही, पण आधी रात्री अंधार पडल्यावर दोन तासांनी बॅटरी घेऊन खुराड्यात जा. बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं घासा. लाल रेघा उमटल्या तर ते कोंबड्यांचं रक्त, चिरडलेल्या लाल माइटच्या पोटातलं. हे जीव दिवसभर फटींत, दांडी जिथे भिंतीत बसते त्या खाचेत राहतात आणि रात्रीच रक्त प्यायला निघतात. म्हणून औषध कोंबडीपेक्षा खुराड्याला जास्त लागतं: दांड्या काढा, फटी खरवडा, उकळतं पाणी ओता, कोंबड्यांच्या घरासाठी मान्यता असलेलं कीटकनाशक फवारा, आणि सात दिवसांनी पुन्हा. उष्ण हवेत यांची एक पिढी आठवड्यात तयार होते. एकाच फवारणीवर थांबणारे हरतात. रिकामं खुराडंही निर्धास्त नसतं, रक्ताविना ते कित्येक महिने तग धरतात.

उवांचं उलट. त्या अंगावरच राहतात, अंडी पिसाच्या मुळाशी चिकटवतात. पंखांखाली आणि मागच्या द्वाराभोवती पर्मेथ्रिनची कोंबड्यांसाठीची पूड चोळा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा, कारण पूड अंड्यांना मारत नाही.

कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांचं औषध कोंबडीला लावू नका. २०१७ मध्ये युरोपात माइटच्या बंदोबस्तासाठी अशाच औषधांतलं फिप्रोनिल हे कीटकनाशक वापरलं गेल्याचं उघड झालं आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली.

फडकं पांढरंच राहिलं तर जंतांकडे वळा, पण दरमहा अंदाजाने औषध देऊ नका. ताजी शीट तपासायला द्या. पिपराझिन फक्त मोठ्या गोल जंतांवर चालतं, केसासारख्या बारीक जंतांवर नाही आणि पट्टकृमीवरही नाही; चुकीच्या औषधाने पैसे जातात आणि जंत राहतात.

प्रश्न : तळपायाला काळी खपली आणि सूज, कोंबडी लंगडते.

उत्तर : बंबलफूट, म्हणजे तळव्यातला गळू. उंच दांडीवरून कठीण जमिनीवर उडी, खरबरीत दांडी, जास्त वजन ही कारणं. नुसती खपली असेल तर रोज दहा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावा, पट्टी बांधा, आठ-दहा दिवस. पायाची गादी गरम आणि गोळ्यासारखी सुजली असेल तर कोरायला बसू नका. कोंबडीचा पू पातळ नसतो, चीजसारखा घट्ट असतो. टोचून वाहत नाही, तो कापूनच काढावा लागतो. दांडी ४५ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा.

प्रश्न : एक तरुण कोंबडी एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली आहे. दुसरीची मान पिळवटली आहे. दोघींना एकच रोग?

उत्तर : बहुधा नाही. पाय असे फाकलेले, वय दोन ते पाच महिने, भूक शाबूत, तर मॅरेक्स. विषाणू नसांमध्ये गाठी करतो, इलाज नाही, लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यायची असते. पिळवटलेली मान रानीखेतमध्ये दिसते (बोलीत मानमोडी म्हणतात ते उगाच नाही), पण बी-१ किंवा ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही दिसते. मान पिळवटण्याऐवजी लुळी पडली असेल आणि पिसं ओढताच हातात येत असतील, तर सडकं मांस किंवा अळ्या खाऊन झालेलं बोट्युलिझम. नजरेवरून यातलं एक निवडू नका, दोघी एकाच वेळी आजारी आहेत म्हणून पशुवैद्यकाला आधी सांगा.

प्रश्न : औषध चालू असताना अंडी खावीत का?

उत्तर : लेबलवर अंडी वर्ज्य करण्याचे दिवस दिलेले असतात, ते शेवटच्या मात्रेपासून मोजायचे. बलक साधारण दहा दिवस वाढत असतो, त्यामुळे आज दिलेलं औषध पुढच्या आठवड्यातल्या अंड्यातही सापडतं. 'अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी नाही' असं लिहिलेलं औषध द्यावंच लागलं, तर दिवस पशुवैद्यक ठरवतील. तोवरची अंडी दुसऱ्या कोंबड्यांनाही चारू नका.

प्रश्न : कोंबडी मेली तर कारण कसं कळेल? बाकीच्या वाचवायच्या आहेत.

उत्तर : शवविच्छेदनाने. जिवंतपणी न सुटलेलं कोडं बरेचदा तिथे सुटतं. हातमोजे घालून मृत कोंबडी साबणाच्या गार पाण्यात बुडवून पिसं मुळापर्यंत भिजवा. कोरडी पिसं शरीराची ऊब धरून ठेवतात आणि आतडी तासाभरात सडू लागतात. मग दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ४ अंशांच्या थंडाव्यात, बर्फाच्या लाद्यांसोबत, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. सोबत चिठ्ठी: वय, किती दिवस आजारी, कागदावरच्या शिटेचा रंग, रोजचं वजन, दिलेली औषधं आणि बाकी किती कोंबड्यांना तीच लक्षणं आहेत.